१९३२ च्या फोर्डला कोणता सिल्वर मारायचा?

गिअरबदलू (शनिवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे, पण इथे रंगकामातले आणि जुन्या गाड्यांतले दर्दी आहेत हे माहीत असल्यामुळे धागा काढतोय.

मी कॅलिफोर्नियात असतो. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढचं. त्यांच्या गॅरेजात १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचा सांगाडा कित्येक वर्षं धूळ खात पडला होता. इकडे या मॉडेलला लाडाने 'ड्यूस' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सहज 'मदत करू का?' असं विचारून बसलो आणि अडकलो. आता आमचे सगळे शनिवार तिथेच जातात.

हॉट रॉड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वस्तात मिळालेली जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड आणि जे जे उतरवता येईल ते उतरवायचं, इंजिनाला जादा कार्बोरेटर लावायचे आणि मुरॉकसारख्या वाळलेल्या तळ्याच्या सपाटीवर पळवायची. १९३० आणि ४० च्या दशकांत इथल्या पोरांचा हा उद्योग होता. १९३२ सालीच फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन घातलं, २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्तीचं, त्यामुळे त्या साली निघालेल्या गाडीवर सगळ्यांचा डोळा. आमची गाडी साधारण १९४८ साली कोणी बनवली असती तर कशी दिसली असती, तशी करायची आहे. आजोबांना ती चंदेरी हवी आहे. लहानपणी त्यांनी तशी एक पाहिली होती म्हणतात.

तर मी रंगाच्या दुकानात गेलो, एक छानसा सिल्वर मिसळून आणला आणि डिकीच्या झाकणावर मारून पाहिला. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. मला तरी काम झकास वाटलं. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, झाकणाभोवती एक चक्कर मारली आणि एकच शब्द उच्चारला: 'टोस्टर'.

खरं सांगायचं तर मलाही नंतर ते आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या हॅचबॅकचं झाकण वाटायला लागलं. प्रश्न असा, की त्या काळी सिल्वर रंग होता का, असला तर कसला होता, आणि आज तो आणायचा कुठून?

---

कुजकट

काळा मारा. 'कुठलाही रंग घ्या, फक्त तो काळा असला म्हणजे झालं', असं फोर्डसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. धागा बंद.

---

पुठ्ठामोटार

@कुजकट, तो काळा फक्त मॉडेल टी चा, आणि तोही १९१४ ते १९२५ एवढ्याच काळातला. १९३२ च्या फोर्डला निळा, करडा, तपकिरी, मरून, हिरवा असे बरेच रंग मिळायचे. मात्र त्या यादीत सिल्वर नाही. म्हणजे चंदेरी ड्यूस कोणाची असेलच तर ती मालकाने स्वतः रंगवलेली. त्यामुळे गिअरबदलू, तुम्हाला 'कारखान्याचा शेड नंबर' असा काही सापडणार नाही, शोधत बसू नका.

मी पुण्यात छोट्या प्रतिकृती बनवतो, १:२४ आणि १:४३ मापाच्या. सिल्वरने माझीही झोप उडवली आहे. जुने फोटो सगळे कृष्णधवल. त्यातून तिशीतली बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे तिला लाल दिसतच नाही. लाल गाडी जवळजवळ काळी येते आणि फिकट निळी पांढुरकी. फोटोत करडी-चंदेरी वाटणारी गाडी प्रत्यक्षात क्रीम असेल, आकाशी असेल, काहीही असेल. फोटोवरून रंग ठरवायचा नाही हा माझा पहिला नियम.

---

ठाण्याचं_रसायन

मी आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. जरा लांबड लावतो, सांभाळून घ्या.

चंदेरी रंगात चांदी नसते, ॲल्युमिनिअम असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते भुकटीच्या रूपात नसून पापुद्र्यांच्या रूपात असतं. मिठाईवरचा वर्ख आठवा. वर्ख चमकतो कारण तो सपाट आहे. तोच वर्ख बोटांत चुरगाळलात तर राखाडी गोळी होते. ॲल्युमिनिअमचंही तसंच. पापुद्रे रंगात आडवे, एकावर एक नीट पडले तर उजेड परत फिरतो आणि रंग उजळ दिसतो. वेडेवाकडे उभे राहिले तर करडा.

पूर्वी हे पापुद्रे कुटून करत. जर्मनीत न्यूर्नबर्ग आणि फ्यूर्ट हा भाग धातूच्या भुकटीसाठी प्रसिद्ध होता. हेन्री बेसेमर, ज्यांचं नाव आपण पोलादामुळे ऐकतो, त्यांनी १८४० च्या दशकात सोनेरी ब्राँझ पावडर यंत्राने करायची युक्ती काढली, ती गुपित ठेवली आणि त्या पैशावर पुढे पोलादाचे प्रयोग केले. ॲल्युमिनिअम तेव्हा महाग होतं. १८८६ नंतर विजेने काढायची रीत आली आणि ते स्वस्त झालं. पण कोरडं ॲल्युमिनिअम कुटणं म्हणजे बारूदखान्यात काम करणं. बारीक कोरडी भुकटी हवेत उडाली आणि एक ठिणगी पडली की स्फोट. १९२० च्या दशकात हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने (वर सांगितलेल्या विजेच्या रीतीतही एक हॉल आहे, तो वेगळा) पोलादी गोळ्यांच्या पिंपात, मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून आणि थोडं स्टिअरिक ॲसिड घालून दळायची पद्धत आणली. पीठ ओलं, म्हणून धोका कमी. ॲल्युमिनिअम पेस्ट म्हणून डब्यात जी मिळते ती हीच.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टिअरिक ॲसिडने माखलेले पापुद्रे रंगाच्या वर तरंगून येतात आणि पृष्ठभागावर फरशीसारखे पसरतात. याला लीफिंग म्हणतात. तुमच्या सोसायटीच्या गेटला, पाण्याच्या टाकीला मारलेला चंदेरी रंग हाच. पहिल्या आठवड्यात आरशासारखा, आणि टेकून उभं राहिलात तर शर्टाला लागतो. तो लागतो कारण धातू अगदी वरच बसलेला असतो, त्याला धरून ठेवायला वर काहीच नाही. मोटारीला हा चालत नाही. मोटारीसाठी ओलेइक ॲसिड वापरून दळलेले, रंगाच्या आतच बुडून राहणारे पापुद्रे लागतात. ते नॉन-लीफिंग. त्यांची चमक खोल आणि मंद असते.

गिअरबदलू, तुमच्या टोस्टरचं कारण सांगतो. जुन्या पद्धतीने दळलेले पापुद्रे कडा फाटलेले, वेडेवाकडे. धंद्यात त्यांना खरंच 'कॉर्नफ्लेक' म्हणतात. नंतर गोल, जाडसर, गुळगुळीत पापुद्रे आले, त्यांना 'सिल्वर डॉलर' म्हणतात. आजच्या गाडीचा सिल्वर बहुतेक या दुसऱ्या जातीचा. समोरून पांढराशुभ्र चमकतो, कडेने एकदम काळवंडतो. जुना सिल्वर दोन्हीकडून साधारण सारखाच, थोडा मळकट. फरक दळणात आहे. शेड कार्ड लाख चाळलंत तरी तो त्यात सापडणार नाही.

---

चाफेकळी

काका, फार छान समजावलंत. गेटचा रंग ड्रेसला लागण्यामागे स्टिअरिक ॲसिड आहे हे आज कळलं. आता वॉचमनला ओरडणार नाही.

---

डेट्रॉइटचा_बंड्या

उशिरा आलोय, पण या धाग्यावर मला बोलायलाच हवं.

इथून, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, ग्रोस पॉइंट शोअर्सला एडसेल फोर्ड यांचं घर आहे, आता संग्रहालय म्हणून खुलं. एडसेल म्हणजे हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव आणि १९१९ पासून कंपनीचे अध्यक्ष. वडिलांना गाडी म्हणजे काम करणारं यंत्र, मुलाला गाडीची रेघ दिसायची. १९३४ साली त्यांनी कंपनीचे डिझायनर बॉब ग्रेगरी यांच्याकडून स्वतःसाठी एक स्पीडस्टर बनवून घेतली. फोर्डच्याच मॉडेल ४० ची चासी (खालचा सांगाडा), ॲल्युमिनिअमची बॉडी, छोटे मडगार्ड, शेपटी निमुळती. बाजारात विकायची नव्हतीच. माझ्या मते हीच हॉट रॉडची थोरली बहीण, फक्त श्रीमंत घरात जन्मलेली.

त्या गाडीच्या मूळ रंगाचं नाव आहे 'पर्ल एसेन्स गनमेटल डार्क'. काही वर्षांपूर्वी तिचं नूतनीकरण झालं तेव्हा पुन्हा तोच रंग दिला. मी समोर उभा राहून पाहिलाय. लांबून पाहाल तर साधा गडद करडा, पावसाळी ढगासारखा. दोन पावलं पुढे गेलात की आतून एक दुधी झाक हलते. चकाकी म्हणाल तर जवळजवळ नाहीच. आजोबांना बहुधा हेच हवं असणार.

आणि ही पर्ल एसेन्स कसली माहीत आहे? माशाच्या खवल्यांची! हेरिंग माशाच्या खवल्यांवरून ग्वानिनचे स्फटिक खरवडून काढत. सतराव्या शतकात पॅरिसला एका जपमाळ बनवणाऱ्याने नकली मोत्यांसाठी ही युक्ती काढली होती, ती तिनशे वर्षांनी मोटारीवर आली. थोड्याशा अर्कासाठी हजारो मासे लागत, त्यामुळे हा रंग साध्या माणसाच्या गाडीला परवडणारा नव्हता.

---

तारकर्लीकर

अरे देवा. हेरिंग म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्याच घराण्यातला. तारली साफ करताना खवले मनगटाला चिकटतात आणि सुकले की अगदी टिकलीसारखे चमकतात. आमची आई ओरडायची, 'हात धू आधी!' फोर्डचा मुलगा तेच गाडीला फासत होता तर. वास येत नसे ना?

---

डेट्रॉइटचा_बंड्या

वास नाही हो. धुऊन, शुद्ध करून लॅकरमध्ये, म्हणजे चटकन वाळणाऱ्या रंगात, घालत. पण मांजरं मागे लागली असती तर गंमत आली असती.

---

पुठ्ठामोटार

सिल्वरचा विषय निघालाय तर मर्सिडीजच्या 'चंदेरी बाणां'ची गोष्ट सांगतोच. सगळीकडे अशी सांगतात: जर्मनीचा शर्यतीचा रंग पांढरा. १९३४ च्या नियमाप्रमाणे गाडीचं वजन ७५० किलोच्या आत हवं. आयफेलच्या शर्यतीआधी न्यूर्बुर्गरिंगवर मर्सिडीजची डब्ल्यू २५ ही गाडी तोलली तर ७५१ किलो भरली. मग संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबावर यांनी रात्रभर घासून पांढरा रंग काढायला लावला, खालचं ॲल्युमिनिअम उघडं पडलं, दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, त्यांचे चालक फॉन ब्राउखिच यांनी शर्यत जिंकली आणि चंदेरी हाच जर्मनीचा रंग झाला.

गोष्ट ऐकायला फक्कड. पण ती शर्यत ७५० किलोच्या नियमाने झालीच नव्हती, ती मुक्त नियमांची होती. ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या गाड्या त्याआधी, मार्चमध्येच, बर्लिनच्या आवुस रस्त्यावर चंदेरी अंगाने धावल्या होत्या. आणि १९३२ सालीच आवुसवर फॉन ब्राउखिच यांनी रंग न दिलेली मर्सिडीज पळवली होती. नॉयबावर यांनी ही कथा आठवणींत लिहिली ती पुढे पन्नाशीच्या दशकात.

---

कुजकट

म्हणजे एक किलो रंगाची गोष्ट सांगून पाव शतक खाल्लं. मार्केटिंग असावं तर असं.

---

मुळशीचा_भाऊ

पण एक किलो रंग असतो का गाडीवर?

---

ठाण्याचं_रसायन

असतो की. पूर्ण गाडीवर लांबी (पुट्टी), प्रायमर आणि रंगाचे थर मिळून सुकल्यावर त्याहून बरंच जास्त वजन भरू शकतं, विशेषतः लांबी सढळ हाताने लावली असेल तर. त्यामुळे गोष्ट रसायनाच्या बाजूने अशक्य नाही, घोळ इतिहासाच्या बाजूने आहे.

---

कोल्हापुरी_गॅरेज

मंडळी, चंदेरी गाडीचा खरा मान रोल्स-रॉइसचा. १९०७ ची त्यांची ४०/५० हॉर्सपॉवर, नंबर एएक्स २०१, ॲल्युमिनिअमच्या रंगाने रंगवलेली आणि वरची पितळी कामं चांदीच्या मुलाम्याची. तिचं नाव 'सिल्वर घोस्ट', पुढे सगळ्या मॉडेललाच तेच नाव चिकटलं. त्या एका गाडीने लंडन-ग्लासगो असे २७ फेरे मारून १४,३७१ मैल बिघाडामुळे एकदाही न थांबता काढले. आणि आमच्या गावाचाही यात वाटा आहे: १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली, घाट चढत. त्यात याच ४०/५० मॉडेलची 'पर्ल ऑफ द ईस्ट' जिंकली आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. खंबाटकी आणि कात्रज त्या काळात चढणं म्हणजे नाद नाही करायचा.

आता गिअरबदलू साहेब, कामाचं बोलूया. सिल्वर हा रंग पेंटरची परीक्षा घेतो. पांढरा, काळा, लाल कोणीही मारेल. सिल्वरमध्ये हात थोडा हळू चालला की तिथे पापुद्रे बुडतात आणि डाग गडद होतो. हात जोरात चालला, किंवा स्प्रे गन लांब राहिली, की रंग कोरडा बसतो आणि तिथे फिकट होतं. मग उन्हात गाडी काढली की झेब्रा. पोरगा शिकायला आला की मी त्याला आधी टाकाऊ बॉनेटवर सिल्वर मारायला लावतो, सहा महिने.

माझी पद्धत: दोन हात नेहमीचे, ओलसर. ते थोडे सुकले की शेवटचा हात गन लांब धरून, हवा वाढवून, धुक्यासारखा हलका. त्याने खालचे ढग मिटतात. प्रायमर ८०० च्या कागदाने घासलेलं पाहिजे. ३२० चे ओरखडे सिल्वरखाली आरशासारखे दिसतात, लांबी कुठे लावली तेही दिसतं. सगळं रंग काम एकाच दिवशी, एकाच डब्यातून, आणि दर पाच मिनिटांनी डबा ढवळायचा. पापुद्रे तळाशी बसतात. अर्धी गाडी आज आणि अर्धी उद्या केलीत की दारं वेगळी दिसणार, लिहून घ्या.

---

गिअरबदलू

कोल्हापुरी साहेब, तुम्ही तर माझ्या डिकीचा पंचनामाच केलात. माझ्या झाकणावर उजव्या बाजूला एक गडद ढग आहे खरा. आजोबांनी तो दाखवला नाही, पण पाहिला नक्की असणार.

@डेट्रॉइटचा बंड्या, गनमेटल डार्क फार जवळचं वाटतंय. पण आजोबा म्हणतात ते 'फिकट होतं, रात्री चंद्र पडल्यासारखं'. आठवणीला किती वजन द्यायचं कळत नाही.

आणि एक शंका. सगळीकडे 'ड्यूको' शब्द वाचतो. आपल्याकडे फर्निचरला ड्यूको मारतात तोच का?

---

ठाण्याचं_रसायन

तोच. ड्यूको हे ड्यूपाँटच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. आधी मोटारीला तेली वार्निशाचे थर देत, वाळायला आठवडे जात. १९२३ च्या अखेरीस जनरल मोटर्सने ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर ड्यूको आणला आणि रंगकाम तासांत व्हायला लागलं. आपल्याकडे तो शब्द लॅकरचाच अर्थ घेऊन राहिला, अजून सुतार 'ड्यूको करू का?' विचारतात.

तुमच्या गाडीसाठी याचा अर्थ असा, की १९४८ साली घरच्या घरी मारलेला सिल्वर बहुधा नायट्रो लॅकरमध्येच मिसळलेला असता. नायट्रो उन्हात पिवळट पडतं. म्हणजे आजोबांनी पाहिलेला सिल्वर नवा असताना निळसर आणि वर्षभराने चहाच्या डागासारखा उबदार झाला असेल. चंद्राचा उजेडही पिवळटच असतो, नाही का.

---

सायबाचा_गडी

मी ऐकलंय की कँडी ॲपल रंगाखालीही सिल्वरच असतो?

---

डेट्रॉइटचा_बंड्या

हो. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियात गाड्या रंगवणारे जो बेलन यांचं नाव त्यासाठी घेतात. खाली सिल्वर किंवा सोनेरी, वर पारदर्शक लाल, म्हणून आत दिवा लावल्यासारखा रंग. पण तो गिअरबदलूंच्या १९४८ च्या नंतरचा. कारखान्याच्या गाड्यांत सिल्वर किती जपून दिला जायचा ते शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारवरून कळतं: १९५७ साली इन्का सिल्वर रंगाच्या फक्त ६५ गाड्या निघाल्या, आणि १९६३ ला सेब्रिंग सिल्वर हा एकच रंग असा की त्यासाठी ८०.७० डॉलर जास्तीचे मोजायचे. मधल्या काळात ॲक्रिलिक लॅकर आलं, त्याने धातूच्या रंगांची तब्येत सुधारली.

---

तारकर्लीकर

एक आठवलं. विक्रमी वेगाच्या गाड्या नेहमी चंदेरी का असतात? मला वाटायचं वाऱ्याला कमी अडथळा.

---

पुठ्ठामोटार

वाऱ्याला रंग दिसत नाही हो, पण यंत्राला दिसतो. १९३८ ची गंमत ऐका. जॉर्ज आयस्टन यांची 'थंडरबोल्ट' ही प्रचंड गाडी, अंग चकचकीत ॲल्युमिनिअमचं, अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर विक्रमासाठी धावली. वेळ मोजायला प्रकाशकिरणाचं यंत्र. गाडीने किरण अडवला की घड्याळ चालू व्हायचं. पण मैदान पांढरं, गाडी चंदेरी, ऊन लख्ख, आणि यंत्राला गाडी आली हे कळलंच नाही! धाव वाया. मग गाडीच्या बाजूवर काळा रंग फासला, मग यंत्राला गाडी दिसू लागली. त्या वर्षी १६ सप्टेंबरला आयस्टन यांनी ताशी ३५७.५ मैलांचा विक्रम केला, आदल्या दिवशी जॉन कॉब यांनी ३५०.२ केला होता, दोघांत चढाओढ चालली होती.

---

कोल्हापुरी_गॅरेज

एक राहिलं. जुन्या एकथरी सिल्वरला, म्हणजे वर क्लिअर नसलेल्या, रबिंग केलं (पॉलिशने घासलं) की फडकं काळं होतं. धातूच निघत असतो. गिऱ्हाईक घाबरतं, 'रंग जातोय' म्हणून. तो रंग दरवेळी थोडा जातोच, म्हणून जास्त घासायचा नाही. वर क्लिअर असेल तर फडकं स्वच्छ राहतं. कुठल्या गाडीवर काय आहे हे ओळखायची माझी हीच खूण.

---

ठाण्याचं_रसायन

बरोबर. गिअरबदलू, माझा सल्ला एका वाक्यात: बारीक कॉर्नफ्लेक ॲल्युमिनिअमची तयार पेस्ट मागा, कोरडी भुकटी घरात आणू नका. तिच्यात चिमूटभर काळा घाला, नखभर पिवळी माती रंगाचा घाला. पांढरा मात्र जपून. पांढरा जास्त झाला की सिल्वर मेला, सिमेंटचा पत्रा झाला. आणि दोन घटकांचा (हार्डनर मिसळायचा) रंग किंवा क्लिअर मारत असाल तर त्यातलं आयसोसायनेट हे विषारी रसायन छातीत जातं, साध्या धुळीच्या मास्कने भागत नाही, हवा पुरवणारा मास्क घ्या. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, माझ्या ओळखीचे दोन पेंटर दम्याने घरी बसले.

---

गिअरबदलू (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर आणतो, कारण झालं एकदाचं.

पहिल्या दोन पट्ट्या फसल्या. एक फारच काळपट, दुसरीत मी पांढरा घातला आणि काकांनी सांगितलेला पत्रा तंतोतंत मिळाला. तिसऱ्या वेळी बारीक पेस्ट, दोन थेंब काळा आणि अगदी सुईच्या टोकाएवढा पिवळा. वर क्लिअर नाही, एकथरीच. कोल्हापुरी साहेब, तुमचा धुक्यासारखा शेवटचा हात मी गॅरेजच्या दारामागे फळीवर चाळीस वेळा मारून पाहिला, मग गाडीकडे वळलो.

काल संध्याकाळी आजोबा आले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग खिशातला रुमाल काढला, दाराच्या कोपऱ्यावर, जिथे हँडल बसतं तिथे, गोल गोल घासला आणि रुमाल उजेडात धरला. त्यावर पेन्सिलीने रेघोटी ओढावी तसा करडा डाग. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी तो डाग मला दाखवला, रुमाल नीट घडी करून परत खिशात ठेवला आणि म्हणाले, 'हां. असाच हात काळा व्हायचा.'

चाकं आता लाल करायची का क्रीम, यावर घरात मतभेद आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

---

कुजकट

अभिनंदन. फक्त मिठाच्या मैदानावर नेऊ नका. दिसायची नाही.